पल्याडून आलेली शिवी

आखाजीच्या आदल्या दिवशी शांतीबाईने एक शहाणपणा केला आणि तो तिच्या चांगलाच अंगाशी आला. घरात पुरणाची डाळ निवडायची तशीच टाकून ती भर दुपारी नाला ओलांडून टेकवाड्याला गेली, डब्यात कुरडया घेऊन. सुगंधाबाईच्या ओट्यावर बसली, पाणी प्याली, उन्हाच्या चार गोष्टी केल्या आणि निघता निघता तिला शपथ घालून आली.

सुगंधाबाई कोण हे शहादा तालुक्याच्या त्या कोपऱ्यात कुणाला सांगावं लागत नाही, पण तुम्हाला सांगायला हवं. आमखेडी आणि टेकवाडे या दोन गावांच्या मधून एक नाला जातो. वैशाखात त्याच्यात टिपूसभर पाणी नसतं. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकी माहेरी येतात, निंबांना झोके बांधले जातात, घरोघरी खापरावरचे मांडे आणि आमरस होतो. मग ऊन कललं की दोन्ही गावांच्या लेकी आपापल्या काठावर उभ्या राहून एकमेकींना शिव्या घालतात. नुसत्या नाही, यमक जुळवून, हातवारे करून, खड्या आवाजात. याला बार म्हणतात. पूर्वी म्हणे दगडही चालायचे, पण एका पोलीस पाटलाचं डोकं फुटल्यापासून फक्त तोंडं चालतात. आणि टेकवाड्याच्या बाजूने गेली पंचवीस वर्षं जे तोंड चालतं ते सुगंधाबाईचं. गावातच दिलेली असल्यामुळे तिची एकही आखाजी चुकलेली नाही.

बाराचे नियम आहेत. पुरुषांनी काठावर यायचं नाही, लांब बांधावर बसायचं. सुनांनी मागे उभं राहून ऐकायचं, तोंड उघडायचं नाही, कारण सून ही मुळात परगावची, तिचं भांडण कुणाच्या बाजूने धरायचं? शिवी द्यायची ती लेकीचं नाव घेऊन, बापाच्या नावासकट. जिचं नाव पल्याडून आलं तिला बार लागला. जिचं नाव कुणीच घेतलं नाही ती कोरडी राहिली. कोरडी राहिलेली पोर घरी येऊन आमरसाला तोंड लावत नाही, आणि तिची आई टेकवाड्याच्या बायकांना वर्षभर नावं ठेवते. अशी सगळी उलटी तऱ्हा.

अशा बारात शांतीबाईची हेमांगी उभी राहणार होती.

हेमांगी ही शांतीबाईची एकुलती एक. पाळण्यात तिचं नाव ललित ठेवलं होतं. शाळेच्या दाखल्यावरही तेच होतं. एकविसाव्या वर्षी ती सुरतेला गेली, साड्यांच्या एका दुकानात हिशेब सांभाळू लागली, आणि दोन वर्षांपूर्वी तिने फोनवर आईला सांगितलं की मी मुलगाच नाही, कधी नव्हतेच, आणि आता कागदपत्रांवरही हेमांगी झाले आहे. शांतीबाई तेव्हा दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी जेवली, कारण भूक ही कुणाची वाट पाहत नाही. रूपचंद, म्हणजे हेमांगीचा बाप, काहीच बोलला नाही. तो एरवीही फारसं बोलत नसे, त्यामुळे तो रागावलाय की नुसता गप्प आहे, हे कळायला मार्ग नव्हता.

हेमांगी सुरतेला कविता म्हणायची. एका छोट्या हॉलमध्ये शनिवारी पोरंपोरी जमतात, एकेकजण माइकसमोर उभा राहून आपलं आपण लिहिलेलं बोलून दाखवतो. कुणी गुजरातीत, कुणी हिंदीत. हेमांगी अहिराणीत. तिचा एक व्हिडिओ फिरत फिरत आमखेडीत आला. शांतीबाईने तो गोठ्यात एकटीने पाहिला. हेमांगी साडी नेसून उभी होती आणि सावकाश म्हणत होती:

"कागदवर नाव बदलाले
लागनात दोन वरीस.
मायना तोंडमा बदलाले कितला लागतीन,
ते सरकारले बी ठाऊक नई."

लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. शांतीबाईला मात्र त्या 'माय'मुळे कुणीतरी भरबाजारात आपलंच नाव घेतल्यासारखं झालं. त्या दिवसापासून ती म्हशीसमोर उभी राहून तालीम करू लागली. हेमांगी. हेमांगी. म्हैस शेपटी हलवायची. पंधरा दिवसांत जीभ वळली, आणि तिने फोन करून लेकीला नावाने हाक मारली. पलीकडून लेक म्हणाली, परत एकदा म्हन.

आता यंदा हेमांगी माहेरी येणार म्हणाली आणि वर म्हणाली, मी बारात उभी राहणार.

"कसाले व माय," शांतीबाई म्हणाली. "तू तठे माइकवर बोलस ना? लोके टाया वाजाडतस ना?"

"टायाच वाजाडतस," हेमांगी म्हणाली. "जबाब कोनी देत नई. आठे जबाब भेटस."

हे शांतीबाईला समजलं नाही असं नाही. दहा वर्षांची असल्यापासून हेमांगी निंबाखाली बसून बारासाठी ओळी जुळवायची आणि गुपचूप सुंदरबाईला नेऊन द्यायची. सुंदरबाई ही आमखेडीच्या बाजूची म्होरकी, आता सत्तरीची. टेकवाड्याला वाटायचं सुंदरबाईची बुद्धी म्हातारपणी तल्लख होत चालली आहे. आणि जिच्या त्या ओळी, तिला बापाशेजारी बांधावर बसून त्या लांबून ऐकाव्या लागायच्या. ओळ जमून गेली की पोर बांधावरच्या बांधावर उडी मारायची. शांतीबाईने ते पाहिलं होतं.

पण आईचं काळीज ते. बारात कुणाच्या वैधव्यावरून, कुणाच्या मूलबाळ नसण्यावरून बोलायचं नाही असा संकेत आहे, पण तोंड तापलं की संकेत कुणाला आठवतो? आणि हेमांगीबद्दल काय बोलायचं नाही, हे तर कुणी ठरवलेलंच नव्हतं. टेकवाड्याच्या दोनशे बायका, सुगंधाबाईचं ते तोंड आणि भर काठावर तो एक घाणेरडा शब्द, तोही टाळी वाजवून. म्हणून ती कुरडया घेऊन गेली.

"सकाय मन्ही पोर बारमा उभी ऱ्हाई," ती सुगंधाबाईला म्हणाली. "तिन्हं नाव लेऊ नको. तुम्ही बी कोनी लेऊ नका."

सुगंधाबाईने सुपारी कातरणं थांबवलं. "बारमा उभी ऱ्हाई नि नाव लेऊ नको? मंग उभी कसाले ऱ्हाई ती?"

"तुले गवराईनी आन शे."

आखाजीला घरोघरी पुजतात त्या गवराईची शपथ म्हणजे पुढे बोलणं खुंटलं. सुगंधाबाईने पुन्हा सुपारी कातरायला घेतली. शांतीबाई हलकी होऊन घरी आली. त्या संध्याकाळी तिने सुरतेहून आलेल्या लेकीच्या केसांना तेल लावलं, आणि इतक्या वर्षांनी ते केस हातात आले म्हणून तिला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी चार वाजता आमखेडीच्या लेकी काठावर जमल्या. हेमांगीने मोरपंखी साडी नेसली होती. ती आली तशा दोघीतिघी एकमेकींकडे पाहू लागल्या, कुणीतरी घसा खाकरला. सुंदरबाईने काठी आपटली.

"आठे ये. मन्हा डावा हातले उभी ऱ्हाय." मग बाकीच्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "धा-बारा वरीस इन्याच ओयी बोली मी. आज ती सोता बोली." आणि हेमांगीच्या कानाशी हळूच, पण मागच्या सुनांना स्वच्छ ऐकू येईल इतकं हळू, "आम्ही तुले आंडेर म्हनसूत, त्यामा काय मोठं? पल्याडथीन नाव उनं म्हंजे खरं."

आंडेर म्हणजे लेक, आणि खरं ठरायचं तर तिचं नाव पल्याडून यायला हवं होतं. सुनांमध्ये उभ्या असलेल्या शांतीबाईला तेव्हा पहिल्यांदा कुरडयांचा डबा आठवला.

सुंदरबाईने बार उघडला:

"टेकवाड्यानी सुगंधा, तोंड तिन्हं पोहरा,
आयकी आयकी थकना तिन्हा गरीब बिचारा नवरा."

पल्याडून सुंदरबाईच्या दातांवर उत्तर आलं. हशा पिकला. मग आमखेडीची काजल बोलली, तिला तिच्या वजनावरून मिळाली. तिची धाकटी बहीण रुपा, तिला आळसावरून. दोघीही खुशीत परत रांगेत शिरल्या. मग हेमांगी एक पाऊल पुढे झाली. तिचा आवाज नाल्यावरून असा गेला की बांधावरचे पुरुषही उठून उभे राहिले.

"सुगंधानी भाजी कशी, वांगं तरंगे पानीमा,
पाव्हना उना जेवाले, तो हात धुवे थायीमा."

इकडच्या काठावर हसून हसून पोरींनी एकमेकींना धरलं. तिकडे काही नाही. सुगंधाबाईने तोंडाला पदर लावला आणि दुसऱ्या कुणाला तरी पुढे केलं, तिने काजललाच परत शिवी घातली. हेमांगीने पुन्हा पाऊल टाकलं.

"सुगंधाना दारे उभा टेकवाड्याना डॉक्टर,
जीभ तपासी म्हने, बाई, हाई शे का ट्रॅक्टर?"

आता तर टेकवाड्याच्या पोरीही हसल्या. पण उत्तर नाही. पुन्हा रुपाचं नाव आलं, मग आणखी कुणाचं. हेमांगीच्या दोन्ही बाजूंच्या लेकींना दोनदोनदा बार लागला आणि ती मध्ये कोरडी. तिसऱ्यांदा ती बोलली तेव्हा आवाज ओळीच्या शेवटाशी जरा खाली बसला. इकडचं हसूही ओसरलं. पोरी पायाकडे पाहू लागल्या. कुणी वाईट बोललं असतं तर सगळ्या मिळून तुटून पडल्या असत्या. पण न बोलण्याशी भांडायचं कसं? हेमांगीने पदर खांद्यावर नीट केला, एकदा केला, पुन्हा केला, आणि एक पाऊल मागे आली.

शांतीबाईला वाटलं, जमीन दुभंगून आत घेईल तर बरं. लेकीला वाटत असणार की टेकवाड्याने ठरवून तिला वाळीत टाकलं. आणि हे कुणी केलं होतं? हिने. कुरडया नेऊन. समोर सुगंधाबाई उभी होती आणि ती हेमांगीकडे पाहतच नव्हती. ती थेट सुनांच्या घोळक्याकडे, शांतीबाईकडे पाहत होती.

शपथ सोडली तर काय येईल, हे शांतीबाईला ठाऊक नव्हतं. तोच शब्द येईल कदाचित. पण लेकीची मागे घेतलेली ती एक पावलाची जागा तिला बघवेना. एकोणतीस आखाज्या जिने काठावर तोंड उघडलं नव्हतं, ती सून रांग मोडून पुढे आली.

"ओ सुगंधा," ती ओरडली, आणि तिला यमकबिमक काही सुचलं नाही. "मन्ही आन सुटनी व. मन्ही पोर घसा फोडी ऱ्हायनी नि तू मुकी बठनी? डोया फुटनात का तुन्हा? घाल तिले शिव्या."

सुनेने बोलायचं नसतं, आणि आईने आपल्याच पोरीसाठी शिव्या मागायच्या हे तर कुणी ऐकलंही नव्हतं. हेमांगीने वळून आईकडे पाहिलं. तिला सगळं समजलं असावं, कारण तिचा चेहरा आधी रागाने आणि मग दुसऱ्याच कशाने तरी लाल झाला.

सुगंधाबाईने पदर कमरेला खोचला. "कवयपासीन वाट दखी ऱ्हायनू व माय," ती म्हणाली. मग डावा हात कमरेवर, उजवा हवेत, आणि ते पंचवीस वर्षांचं तोंड सुटलं:

"रूपचंदनी हेमांगी, सुरतमा ती मोठी,
मांडा टाके खापरवर, त्यानी व्हस रोटी.
काय शिकाडं शांतीबाईनी, सांगा वं कोनी?
हातले पीठ लावं नई, जीभले लावं लोनी."

बस. एवढंच. दर वर्षी दर लेकीला मिळते तशी, स्वयंपाकावरची, आईच्या शिकवणीवरची, बापाच्या नावासकट, धडधडीत सरळ शिवी. आमखेडीच्या पोरींनी असा गलका केला की बाभळीवरचे बगळे उडाले. काजलने हेमांगीला पुढे ढकललं. हेमांगी रडत होती, पण उत्तर द्यायला रडणं आड येत नाही हे तिने तिथल्या तिथे दाखवून दिलं:

"रोटी व्हवो का मांडा व्हवो, तीनदा मांगी खाशी,
टेकवाड्यानी सुगंधा, तू जनमनी उपाशी."

त्यानंतर सूर्य बुडेपर्यंत त्या दोघींनी दुसऱ्या कुणाला बोलूच दिलं नाही. हेमांगीच्या साडीच्या पिना निघाल्या, सुरतेची हवा निघाली, चालण्याची ढब निघाली. तो शब्द काही निघाला नाही. शांतीबाई मागे उभी राहून ऐकत होती. आपल्या पोरीला भर काठावर आळशी, तोंडाळ, बेचव म्हणताना ऐकून आयुष्यात इतकं सुख कधी झालं नव्हतं.

घरी परतताना रूपचंद बांधावरून उतरून त्यांच्यासोबत चालू लागला. सुगंधाबाईचा आवाज बांधापर्यंत काय, पार शहाद्यापर्यंत जातो, त्यामुळे त्याने सगळं ऐकलं होतं. लेक आल्यापासून तो तिच्याशी एकच वाक्य बोलला होता, बसला गर्दी होती का, एवढंच. वस्तीचा दिवा दिसला तेव्हा म्हणाला,

"मांडा खरंच येत नई का तुले?"

"नई येत, आबा," हेमांगी म्हणाली.

"तुन्ही मायले बी येत नव्हता, लगीन व्हयनं तधय. मन्ही मायनी शिकाडा. सकाय परत पुरन टाका. तिले शिकू द्या."

हे साफ खोटं होतं. शांतीबाई माहेराहून, कळसाडीहून आली तेव्हा हातावर परातीएवढा मांडा फिरवत होती आणि सासूनेच तिच्याकडे पाहून दोन गोष्टी उचलल्या होत्या, हे रूपचंदला पक्कं ठाऊक होतं. दुसरा कुठलाही दिवस असता तर तिने त्याला तिथेच, रस्त्यात, उभा करून विचारलं असतं. त्या दिवशी ती म्हणाली, "हां, माले बी येत नव्हता," आणि लेकीचा हात धरून चालू लागली.