ज्याचं त्याचं मीठ

"पोरी, लोकांचा पासवर्ड कुणालाही कळता कामा नये. आपल्यालासुद्धा!"

सात वर्षं झाली होती ते वाक्य ऐकून. नोकरीचा पहिलाच आठवडा होता, आणि आवाज दादांचा. दादा काही नात्यातले नव्हते. ऑफिसात सगळेच त्यांना दादा म्हणत, ती मात्र अगदी पोटातून म्हणे. काम होतं दवाखान्यांचं: पेशंटनी घरबसल्या लॉगिन करायचं आणि आपापले रिपोर्ट बघायचे. दादांनी खुर्ची ओढून तिला शिकवलं होतं. पासवर्ड आला की त्याचा चुरा करायचा, हॅश म्हणतात त्याला. चुरा असा बारीक, की ब्रह्मदेवाचा बाप आला तरी परत जोडता येऊ नये. माणूस पुन्हा दारात आला, की त्यानं टाइप केलेल्याचाही तसाच चुरा करायचा आणि जुन्याशी ताडून बघायचा. पण त्याआधी प्रत्येकाच्या पासवर्डात चिमूटभर मीठ घालायचं. सॉल्ट. अर्थ नसलेली सोळा अक्षरं, ज्याची त्याला वेगळी.

"वेगळी कशाला?" तिनं विचारलं होतं.

"अगं, दोघांनी एकच पासवर्ड ठेवला, तरी चुरा वेगळा दिसला पाहिजे. नाहीतर चोरानं एकाचं कुलूप उघडलं, की शंभर दारं आपोआप सताड!"

ते तिनं मनावर गोंदून घेतलं होतं.

आणि आज मीटिंगच्या खोलीत, तपासणीला आलेल्या बाईंनी तिच्यापुढे एक छापील कागद सरकवला. गेल्या आठवड्यात चोरांनी पासवर्डांच्या चुऱ्यांची सगळी यादी पळवली होती आणि पेशंटची कुलपं उघडली होती. कुणाचं गर्भारपण, कुणाचं वेड, कुणाचा न सांगितलेला आजार, सगळं उघड्यावर पडलं होतं. कागदावर हॅश होते, एकाखाली एक, चारशे बारा ओळी. सगळ्या जुळ्या बहिणींसारख्या.

"चारशे बारा जणांनी एकच सोपा पासवर्ड ठेवलेला," बाई म्हणाल्या, "आणि चुराही एकच. म्हणजे सॉल्ट सगळ्यांना एकच घातलंय."

"शक्यच नाही. मी दर माणशी वेगळं लिहिलंय."

"लिहिलंत तुम्हीच, आणि बदललंतही तुम्हीच." दुसरा कागद आला. बदलाची नोंद. तिचं नाव, दोन वर्षांपूर्वीची तारीख, दुपारचे चार वाजून दहा मिनिटं.

"अहवालात हेच जाणार," टेबलाच्या टोकाला बसलेले कंपनीचे साहेब म्हणाले. "यापुढे तुला या कामाला कोण दारात उभं करतं ते बघच."

तिनं समोर बसलेल्या दादांकडे पाहिलं. दादा चष्मा पुसत होते. चष्मा स्वच्छच होता.

तिनं तारीख पुन्हा वाचली. त्या दुपारी बाबांना ऑपरेशनला आत नेलं होतं. बाहेरच्या लोखंडी बाकावर ती बसली होती, मुठीत बाबांचं घड्याळ, अजून त्यांच्या मनगटाइतकंच कोमट. तेवढ्यात फोन आला. "एवढीशी फाइल बघायचीय गं, तुझा पासवर्ड सांग पटकन." आणि दुनियेचे पासवर्ड जपणारीनं स्वतःचा अक्षर अक्षर सांगितला होता. दादांपासून काय लपवायचं! संध्याकाळी ते दवाखान्यात आले. सफरचंदं आणली, बाबांच्या पायाशी बसले. "ऑफिसची काळजी करू नकोस," म्हणाले.

म्हणजे यांना ठाऊक होतं. चार दिवस तपास चाललाय, चार दिवस समोरासमोर बसून डबा खाल्लाय, आणि यांना ठाऊक होतं.

"दादा, त्या दिवशी मी कुठे होते?"

"मला काय आठवणार गं? दोन वर्षं झाली."

दमून भागून माहेरी जावं, हाक मारावी, आणि आतून कडी लागल्याचा आवाज यावा, तसं तिला झालं.

"बाई, लिहून घ्या," ती म्हणाली. "त्या दुपारी मी दवाखान्यात होते, ऑपरेशनचे कागद घरी आहेत. माझा पासवर्ड मी फोनवर एकांना सांगितला. ती चूक माझी. तिची शिक्षा मला द्या."

"वा!" साहेब टेबलावर हात आपटून म्हणाले. "कुलूपवालीनंच किल्ल्या वाटल्या! कुणाला सांगितलास?"

नाव जिभेच्या टोकावर होतं. तिनं ते गिळलं.

"त्यांनाच सांगू द्या. माझ्या तोंडून आलं, तर तुम्हाला नुसतं नाव कळेल. मला तेवढं पुरणार नाही."

बाईंचं पेन कागदावर थांबून राहिलं. शेजारच्या खोलीत कुणीतरी हसलं, एक फोन वाजून वाजून बंद पडला. दादांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, पुन्हा काढला, आणि घडी करून टेबलावर ठेवला.

"मी," ते म्हणाले. आवाज पार बसलेला. "मला सांगितला तिनं. सगळं नव्या सर्व्हरवर हलवत होतो, सॉल्टचा रकाना तिकडे उतरेना, कुणाला लॉगिन होईना, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं सुरू व्हायचं होतं. म्हणून सगळ्यांना नवे पासवर्ड ठेवायला लावले आणि मीठ एकच घातलं. म्हटलं, आठवड्यात बदलून टाकू. राहिलं ते राहिलंच."

"पण तुमच्या लॉगिननं होत नव्हतं का?" बाईंनी विचारलं.

दादांनी चार दिवसांत पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत पाहिलं.

"होत होतं, पोरी. तुझ्या पासवर्डची गरजच नव्हती. मी तो मागून घेतला, कारण उद्या काही उलटलं तर तिथं माझं नाव नको होतं."