पाण्याची फवारणी

त्या दिवशी पंपाच्या टाकीत औषध नव्हतं. नुसतं पाणी होतं आणि त्यात दवाखान्यातल्या नर्सबाईंनी कालवलेली पांढरी पूड.

"नेहमीसारखं काम करा," त्या म्हणाल्या. "औषध कुठं कुठं उडतं, ते संध्याकाळी दाखवते."

मळ्यातला जुना फवारणीवाला मनातल्या मनात हसला. त्याची हयात या कामात गेली होती. डोकं जड व्हायचं, डोळे चुरचुरायचे. पण ते कुणाला चुकलं होतं? तरी बाईंचा मान राखायचा म्हणून त्याने मास्क लावला, रबरी हातमोजे चढवले.

"नवरदेव निघाला," जोडीदार म्हणाला.

"तुझ्या का पोटात दुखतंय?"

दुपारी नोझल तुंबलं. जाड मोज्यांनी ते बारीक काम होईना. त्याने मोजे काढून खिशात कोंबले, मास्क गळ्यात ओढला, नोझल सोडवून तोंडाला लावलं आणि जोरात फुंकलं. धार मोकळी झाली. हे इतकं अंगवळणी पडलेलं होतं की केल्याचं त्याच्या ध्यानातही राहिलं नाही.

संध्याकाळी बायको अवजारांच्या शेडकडे आली, तशी लेक तिचा हात सोडून धावली. "बाबा, उंच!" त्याने तिला दोन्ही कुशींना धरून डोक्यावर उचललं, गालाचा पापा घेतला आणि आईच्या कडेवर दिलं.

सगळे शेडमध्ये शिरले. दार लावल्यावर आत काळोख झाला. नर्सबाईंनी छोटा जांभळा दिवा लावला. त्या उजेडात फवारणीवाल्याच्या तळव्यांवर सकाळची पूड हिरवट चमकली. ओठांवरही.

"लाली कधीपासून लावायला लागलास?" जोडीदाराने विचारलं. सगळे हसले. तोही हसला.

मग दिव्याचा झोत लेकीवर पडला. फ्रॉकवर दोन्ही कुशींना त्याचे पंजे उमटले होते, बोटन्‌ बोट वेगळं दिसावं असे. गालावर पाप्याचा डाग. लेकीला गंमत वाटली. तिने डागावर बोट फिरवलं आणि ते तोंडात घातलं.

आईने झटकन बोट ओढून काढलं.

"बाई, हा नुसता रंगच ना?" त्याने विचारलं.

"आज नुसता रंग. याचा अपाय नाही."

त्याला आठवलं. गेल्या फवारणीच्या वेळी लेकीला उलट्या झाल्या होत्या. बाहेरचं काहीबाही खाऊ घालतेस, म्हणून त्याने बायकोलाच बोल लावला होता. उलट्या कशाने झाल्या, हे आता कोण सांगणार? त्याने बायकोकडे पाहिलं. ती लेकीचा गाल पदराने पुसत होती.

दुसऱ्या दिवशी टाकीत खरं औषध होतं. नोझल तुंबलं तेव्हा त्याने बाईंनी दिलेला छोटा ब्रश काढला. मोज्यांतून तो दोनदा निसटला.

संध्याकाळी लेक धावत आली.

"थांब," तो मागे सरकत म्हणाला. "शिवू नकोस."

ती जागच्या जागी थबकली. मग तिचा ओठ थरथरला.

तो हौदाकडे गेला. कपडे वेगळ्या पिशवीत बांधले, साबणाने डोकं, कानांच्या मागे, नखांच्या खाली घासलं आणि धुतलेला सदरा घालून पायरीवर बसला. लेक आईच्या आड उभी होती, पाठ फिरवून.

"ये की गं."

"मी नाही येणार."

त्याने ओले तळवे पुढे धरून पाहिले. जांभळा दिवा बाईंबरोबर गेला होता. तळवे नुसते तळव्यांसारखे दिसत होते. कालही, झोत पडेपर्यंत, तसेच दिसत होते. तो उठला आणि पुन्हा हौदाकडे गेला.