धनी उठले की फौज पळते

मित्रांनो, मी एक जुनी घडीची बैठक आहे. ओकच्या चार दांड्या आणि वर ताणलेले हरणाचे कातडे, एवढाच माझा देह. डोंगरातल्या हिरानुमा घराण्याच्या प्रमुखाला रणांगणावर बसता यावे म्हणून एका सुताराने मला घडवले.

माझे धनी तादाहारु. लढाईच्या दिवशी टेकडीवर छावणीचे पडदे लागत, झेंडे उभे राहत, आणि मग मला मांडले जाई. धन्यांचे काम बसण्याचे. सोपे वाटते ना? पण खाली लढणारा प्रत्येक माणूस मधूनच मान वळवून टेकडीकडे पाही. धनी बसलेले दिसले की त्याला बळ येई. 'धनी उठले की फौज पळते' अशी आमच्याकडे म्हणच होती.

म्हातारा नोकर गेन्पाची मला पाठीवर वाही आणि लढाईनंतर तेल चोळी.

"धनी, बसायचं तुम्ही आणि दमायचं मी. चांगली वाटणी आहे," तो कुरकुरे.

"मग तू बस, मी वाहतो. पण आधी तुझं वजन सांग."

एका शरद ऋतूत नदीकाठी लढाई जुंपली. धन्यांचे धाकटे भाऊ मोतोफुसा जोशात नदी ओलांडून गेले आणि पलीकडे वेढले गेले. अलीकडचे आमचे लोक पाण्यात उतरायला कचरू लागले. माझ्यावरचा धन्यांचा भार एकदम हलका झाला.

"मला जायला हवं."

"उठू नका, धनी. सगळ्यांना वाटेल, तुम्ही पळालात," गेन्पाची म्हणाला.

"आणि तो मेला तर?"

धनी उठले आणि त्यांनी मला स्वतःच्या हातात घेतले.

"बैठक मागे गेली तर ती माघार. पुढे गेली तर?"

"असं कोणी केलेलं नाही."

"मग ते चूक आहे, हेही कोणाला ठाऊक नसेल."

सर्वांना दिसावी म्हणून त्यांनी मला डोक्यावर धरले, टेकडी उतरले, मला उथळ पाण्यात रोवले आणि बसले. ते पाहून आमच्या लोकांनी नदीत उड्या घेतल्या. इतक्यात एक बाण धन्यांच्या गुडघ्यात शिरला. त्यांचा सगळा भार माझ्यावर आला, पण ते उठले नाहीत.

शेवटी मोतोफुसा रक्ताने माखलेले, पण चालत परत आले.

"दादा, पाण्यात काय बसलात?"

"तुझी वाट बघत होतो. गार आहे फार. चल."

"मग उठा ना."

"आता उठवत नाही रे."

तो गुडघा पुन्हा वाकला नाही. पुढे शांततेचे दिवस आले. सभेत धनी खांबाला टेकून उभे राहत. मला मोतोफुसांसाठी मांडत, पण ते म्हणत, "दादा उभे असताना मी बसू?" दोघे भाऊ उभे, म्हणून सगळेच उभे. सभा मात्र लवकर आटपू लागल्या. माझ्यावर कोणी बसत नसे, तेव्हा मी सर्वांत मानाची झाले. गेन्पाची वारला. मानाच्या वस्तूला तेलाचा हात कोण लावणार? मला कोठारात उंच फळीवर ठेवले.

धनी गेले तेव्हा मोतोफुसा प्रमुख झाले. त्यांनी मला खाली उतरवून घेतले, मांडले आणि बसण्याआधी कातड्यावर तळहात ठेवला. तेलाविना सुकलेले कातडे टर्रकन फाटले. मग ते माझ्या शेजारी जमिनीवरच बसले, आणि पहिली सभा त्यांनी तिथूनच चालवली.

मित्रांनो, ज्याला मान द्याल त्याला उंचावर ठेवून विसरू नका. अधूनमधून खाली काढा. मायेचा हात फिरवा.