दहा किलो तांदळाचा पाठ

तुमसरच्या एका इंग्रजी शाळेत तृप्तीला वीस मिनिटांचा नमुना पाठ द्यायचा होता. जमला तर नोकरी, नाहीतर आंधळगावात घरी बसून स्थळं पाहणं. विषय मुख्याध्यापक लिलाधर सरांनीच दिला होता: 'टेन किलोज ऑफ राइस'च्या पुढे 'इज' काहून, 'आर' काहून नाही. वर्ग सातवी ब. या वर्गातून आधीचे दोन उमेदवार चहा न घेताच परत गेले होते.

तृप्तीने युक्ती काढली. मापं दहा मोजली तरी ढीग एकच पडतो, म्हणून 'इज'. मोजायला तिने आजोबांना आणलं. तुलाराम आबाजी चाळीस वर्षं खळ्यावरचे मापारी. तिने दहा किलो तांदूळ सांगितला होता, त्यांनी पन्नासचं पोतं आणलं. अर्धवट पोतं घेऊन कोणाच्या दारी जाणं त्यांना शोभत नव्हतं.

तिने फळ्यावर वाक्य लिहिलं, क्रियापदाची जागा रिकामी ठेवली. मागच्या बाकावर कोणीतरी कोंबड्यासारखं आरवलं.

"चूप," आबाजी म्हणाले. "माप सुरू हाये. बोललं का बरकत जाते."

त्यांनी किलोचं पितळी माप भरलं, वरून हात फिरवला, सावकाश ओतलं. "लाभ." पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, हे निम्म्या वर्गाला घरूनच ठाऊक होतं. "दोन. तीन."

दहा झाल्यावर तृप्ती त्यांच्या कानाशी वाकली. आबाजी, पुरे.

"पोत्याचं तोंड उघडलं का मधात थांबत नसतेत, बाई. अकरा."

तृप्तीला वाटलं, आपली नोकरीच मापामापाने ढिगात जाऊन राहिली आहे. सातवी ब ओठांतल्या ओठांत मोजत होती. शिपाई काही सांगायला आला, तर दाराशी बसून पाठ पाहणाऱ्या लिलाधर सरांनीच त्याला बोटाने गप्प केलं. पन्नासाव्या मापाला घंटा झाली. फळ्यावरची जागा रिकामीच.

बाहेर तृप्ती माफी मागू लागली. सरांनी हात हलवला. या वर्गाचा गोंगाट ते पहिलीपासून दोन भिंतींआडून ऐकत आले होते.

"सोमवारपासून या मॅडम. 'इज' का 'आर', ते मीबी कोणाले तरी विचारूनच लिहितो. पण हे वीस मिनिटं..." त्यांनी कान टवकारून पुन्हा एकदा शांतता ऐकली. मग आवाज उतरवून विचारलं, रोज तांदूळ महाग पडेल, आबाजींना रेती चालेल का.

चाळीस वर्षांच्या मापाऱ्याने मान ताठ केली. ते तोंड उघडणार, तेवढ्यात तृप्तीच "येस सर" म्हणाली.