हवा थोडी कमी

मित्रांनो, डोंगरवाटांवर चालवायची सायकल तुम्ही पाहिली असेल. तिच्या सीटखाली, सांगाड्याच्या पोटात एक काळी नळी तिरकी बसवलेली असते. मागचं चाक दगडावर आदळलं की ती आत दबते आणि धक्का स्वतः गिळून टाकते. ती नळी म्हणजे मी. मला शॉक म्हणतात. माझा रंग जागोजागी उडाला आहे, अंगावरची अक्षरं पुसली गेली आहेत. बाकी पोटात हवा आणि तेल दोन्ही आहे, म्हणजे माझं बरं चाललं आहे.

कारखान्यात माझे भाग जुळवले गेले, तेव्हा एका यंत्राने मला दाबून दाबून पाहिलं. तपासणीच्या टेबलावरच्या बाईंनी मला कानाशी धरलं आणि म्हणाल्या, "हा आवाज करत नाही. चांगला आहे." आमच्यात गप्प राहणाऱ्याचंच कौतुक होतं. मी ते मनावर घेतलं.

मग मी ताईच्या सायकलीवर आलो. ताई चष्म्याच्या दुकानात काम करते. भिंगं घासून चौकटीत बसवण्यात तिचा हातखंडा. तिचा मोठा भाऊ, दादा, बस चालवतो. सुट्टीच्या दिवशी दोघं डोंगराच्या सोंडेवर सायकली चढवायचे आणि दगडांच्या वाटेने खाली यायचे. ताई नेहमी पुढे. दादा आठवडाभर बस जपून चालवायचा, ती सवय त्याला उतारावरही सुटायची नाही. घरी आल्यावर ताई जुन्या टी-शर्टच्या तुकड्याने माझा आतबाहेर सरकणारा दांडा पुसायची. ते दिवस फार चांगले होते.

पुढे ताई आजारी पडली. पोटाचं ऑपरेशन झालं, मग दुसरं झालं. सायकल जिन्याखाली उभी राहिली. हँडलला छत्र्या आणि पिशव्या लटकू लागल्या. माझ्या दांड्यावर धूळ बसली आणि पोटातली हवा हळूहळू निघून गेली. घरात कुणी सायकल विकायची गोष्ट काढली की दादा म्हणायचा, "असू दे. तुमच्या पायात येते का ती?"

अखेर डॉक्टरांनी ताईला सायकल चालवायची परवानगी दिली. दादाचा आनंद गगनात मावेना. त्याने छत्र्या काढल्या, साखळीला तेल दिलं, पंप लावून माझ्यात हवा भरली. पंपाचा काटा पूर्वीच्या जागी येईपर्यंत भरली.

मित्रांनो, त्या दिवशी उतारावर काय झालं ते सांगताना मला अजून वाईट वाटतं. एक साधा, गुडघ्याहूनही बुटका दगड आला. मी जेमतेम दबलो आणि लगेच उसळलो. मागचं चाक उडालं आणि ताई हँडलवरून पुढे पडली. मनगट सुजलं. ती रडली नाही, पण घरी येईपर्यंत पुन्हा सायकलीवर बसली नाही.

"विकून टाक सायकल," ती जेवताना म्हणाली. "मला नाही जमायचं आता."

"तुझं काही चुकलं नाही गं. तो शॉक गेलाय," दादा म्हणाला. "नवा बसवू."

मनगट बरं झाल्यावर तो तिला जवळजवळ ओढतच दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेला. दुकान त्यांच्या आईच्या मैत्रिणीचं, म्हणून दोघं तिला मावशी म्हणतात. दादाने निवडलेला नवा शॉक तिने फळीवरून काढून माझ्या शेजारी धरला. काय त्याची झळाळी! माझी घटका भरली, असं मी समजून चाललो.

मावशी पाना हातात घेणार, इतक्यात ताई म्हणाली, "थांब जरा. आमच्या दुकानात कुणी चष्मा बिघडला म्हणून आलं, तर आम्ही आधी डोळे तपासतो. मला बसून बघू दे."

मावशीने सायकल धरली. ताई बसली. माझ्या दांड्यावर एक बारीक रबरी कडी असते. स्वार बसला की मी दबतो आणि कडी सरकते, म्हणजे मी किती दबलो ते दिसतं; स्वाराच्या वजनाच्या मानाने हवा जास्त असेल तर मी दबतच नाही. ताई उतरून वाकली. कडी जागची हललीच नव्हती म्हणा ना.

"यात हवा कुणाच्या मापाची आहे?"

"तुझ्याच," दादा म्हणाला. "मीच भरली. नेहमीइतकी."

"नेहमीची मी कुठे राहिलेय, दादा? माझे सगळे कपडे ढगळ झालेत."

दादाने वाकून कडी बोटाने चाचपली. मग हळूच म्हणाला, "मला वाटलं, सगळं पूर्वीसारखं केलं की तूही..."

ताईने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "होईन. पण वेळ लागेल. तोवर मला अशीच चालवून घे."

मावशीने मला एकदा हाताने दाबून सोडलं. "तेलही दमलंय याचं, म्हणून असा उसळतो. तेल आणि रबरं बदलते, हवा उतरवते. मोठ्या उड्या मारणार असशील तर मात्र नवाच घे."

"उड्या नकोत," ताई म्हणाली. "मला फक्त खाली पोचायचंय, तेही सायकलीवर बसून."

तिने नवा शॉक स्वतःच्या हाताने फळीवर परत ठेवला.

पुढच्या सुट्टीला आम्ही त्याच वाटेवर गेलो. दगडाच्या अलीकडे ताईचे हात घट्ट झालेले मला सांगाड्यातून जाणवले. चाक दगडावर चढलं. मी खोल दबलो, धक्का गिळला आणि सावकाश वर आलो. तिने ब्रेकही दाबला नाही. खाली पोचल्यावर ती थांबली आणि कितीतरी वेळ हसत राहिली. दादाने चष्मा पुसायचं निमित्त करून पाठ फिरवली.

आता ताईचं वजन थोडं थोडं वाढतं आहे. त्या बेताने ती माझ्यात हवा वाढवते, तीही स्वतः. कधीतरी माझ्या जागी नवा येईल, आणि यावाच. माझा त्याच्यावर राग नाही.

मित्रांनो, एवढंच सांगतो. घरातली एखादी जुनी वस्तू कुरकुर करू लागली, तर तिला लगेच बाहेर काढू नका. पुसा, उघडून बघा, आज ती ज्याच्या हाती आहे त्याच्या मापाची करून द्या. आणि दुखण्यातून उठलेलं माणूस घरात असेल, तर त्याच्यासाठीही हवा थोडी कमी ठेवा.