तिकडच्या वेळेचं घड्याळ

चूक माझी होती, मग फोडलं माझ्या भावाला का?

हा प्रश्न मी या घरातल्या तिघांनाही विचारला. माणसं घड्याळाकडे दिवसातून पन्नास वेळा बघतात, पण त्याचं ऐकत एकदाही नाहीत. म्हणून तुम्हाला सांगतो. मी भिंतीवरचं घड्याळ बोलतोय. माझं शिक्षण फार नाही. एक ते बारा, तेवढंच मला येतं. पण कुणाला काय कळतं आणि कुणाला काहीच कळत नाही, हे ओळखायला बाराच्या पुढचे आकडे लागत नाहीत.

मी आणि माझा भाऊ एकाच खोक्यातले. जालना एमआयडीसीतल्या एका बियाणे कंपनीनं दिवाळीला कामगारांना वाटायला आम्हाला बनवून घेतलं. पांढरी तबकडी, मधोमध कापसाचं बोंड आणि सहाच्या आकड्याखाली कंपनीचा फोन नंबर. पहिल्या दिवाळीला भाऊ वाटला गेला. खोक्यात माल उरला, म्हणून दुसऱ्या दिवाळीला मी. कामगार म्हणाले, "हेच की पुन्हा? घरात भिंती किती हायेत आमच्या?" साहेब हसले आणि म्हणाले, वेळ महत्त्वाची असते. त्या कार्यक्रमाला साहेब दीड तास उशिरा आले होते.

बद्रीनाथ त्या कंपनीत बी निवडायच्या मशीनवर आहे. त्यानं भावाला बाहेरच्या खोलीत दाराजवळ टांगलं होतं. मला पुठ्ठ्याच्या डब्यासकट पलंगाखाली सरकवलं. वर्षभर मी तिथं चपला आणि झुरळं बघत पडलो. वरून भावाची टिकटिक ऐकू यायची. तेवढाच आधार होता.

मला बाहेर काढलं नंदाबाईनं, म्हणजे बद्रीनाथच्या बायकोनं. त्यांची एकुलती एक मुलगी आकांक्षा. ती बीएस्सी ॲग्री झालेली, त्याच कंपनीच्या लॅबमध्ये बियाण्याची उगवण तपासायची. डिसेंबरात तिनं अमेरिकेतल्या तीन विद्यापीठांत पुढच्या शिक्षणासाठी अर्ज टाकले. अर्ज टाकून आठ दिवस झाले नाहीत, तर नंदाबाई म्हणाली, "पोरगी तिकडं गेल्यावर तिकडचा टाइम कळाया पाहिजे. आत्तापासूनच सवय करा."

आकांक्षानं मोबाइलमध्ये बघून माझे काटे फिरवले, सेल घातला आणि मला भावाच्या पलीकडे, खिडकीच्या वर टांगलं. खाली कागदाची पट्टी चिकटवली, 'तिकडे'. भावाच्या खाली काही लिहिलं नाही. त्याची गरज नव्हती.

तिकडची वेळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे. त्यामुळे भावाचा मिनिटकाटा बारावर असला की माझा सहावर. आम्ही कधी एका जागी आलो नाही. पण टिकटिक एकमेकांत मिसळायची. त्याची पडली की माझी, माझी पडली की त्याची. मला तेवढं पुरत होतं.

मग घरात येणारा प्रत्येक जण मान वर करून विचारायला लागला, "तिकडं आता किती वाजले?"

"सकाळचे सहा."

"म्हंजे उठले नसतील अजून."

कोण उठलं नसेल? या घराचं तिकडं कुणीसुद्धा नव्हतं. समोरच्या बिल्डिंगमधला वरद तेवढा दोन वर्षांपासून तिकडं शिकत होता, तोही फोनवरच्या ओळखीचा. पण तिकडचे उठले नाहीत हे कळलं की पाहुण्याला बरं वाटायचं. चहा पिऊन तो जायचा. मी इतक्या लांबची वेळ खांद्यावर घेऊन उभा, आणि यांना फक्त कोण झोपलंय ते हवं.

माझ्यात नऊ वाजले की घरात संध्याकाळचे साडेसात असायचे. "तिकडचं ऑफिस उघडलं," असं म्हणून तिघं मोबाइलभोवती बसायचे. नंदाबाई कणकेचे हात तसेच घेऊन यायची. जानेवारीत पहिल्या विद्यापीठाचा नकार आला. फेब्रुवारीत दुसऱ्याचा. दोन्ही वेळा बद्रीनाथनं आधी मोबाइलकडं बघितलं आणि मग रागानं माझ्याकडं. मी काय केलं होतं?

तिसरं राहिलं होतं. शहाण्या माणसांनी थांबायला पाहिजे होतं. यांनी बॅग भरायला घेतली.

नंदाबाईनं आमटीला लावायचा येसर भाजून दळला. काळा मसाला केला, शेंगदाण्याची चटणी केली, कुरड्या तळायच्या का कच्च्या न्यायच्या यावर दोन दिवस चर्चा केली. बद्रीनाथनं भरलेली बॅग स्कूटरवर घालून जुना जालन्यातल्या ओळखीच्या धान्याच्या दुकानात काट्यावर नेऊन मोजली. सत्तावीस किलो भरली. विमानात तेवीसच चालते. घरी येऊन पुस्तकं काढली, येसर ठेवला. आकांक्षानं लॅबची नोकरी सोडली, कारण पप्पा म्हणाले, "तयारीला टाइम पाहिजे."

मग अंकुशनगरहून बद्रीनाथची मोठी बहीण बेबीनंदा आली. रिकाम्या हातानं आली, पण टेम्पो घेऊन आली.

"बद्री, पोरगी चालली, मंग हा पलंग, हे टेबल कशाला आडवून ठेवता? आमच्या पोरायला अभ्यासाला व्हतं."

"आत्या, अजून ॲडमिशन कुठं झालीये?" आकांक्षा म्हणाली.

"होतंय गं माय. जातानाच नाट लावू नको."

"मी जाऊन कुठं राह्यले अजून? टेबल तर राहू द्या, मला मुलाखत आली तर?"

"मुलाखतीला टेबल लागतंय व्हय? तोंड लागतंय."

नंदाबाई हसली. बद्रीनाथनं टेबलाचे पाय सोडायला पाना आणून दिला. अर्ध्या तासात बाहेरची खोली मोकळी झाली. पलंग गेला, टेबल गेलं, पुस्तकांचा रॅक गेला. भिंतीवर आम्ही दोघं आणि खाली मोठी बॅग. आमची टिकटिक खोलीभर घुमायला लागली.

मार्चमध्ये तिसऱ्या विद्यापीठातल्या सरांचा मेल आला. सोमवारी सकाळी दहाला व्हिडिओवर बोलू. बोलणं पटलं तर त्यांच्याच प्रयोगशाळेत काम मिळणार होतं आणि फी माफ होणार होती. नाही पटलं तर जाणंच नाही, कारण बिनमाफीचं शिकणं या घराला झेपणारं नव्हतं. सगळं त्या एका बोलण्यावर होतं. नोकरी सोडलेली, टेबल गेलेलं आणि बॅग दारात.

बद्रीनाथनं माझ्याकडं बोट केलं. "ह्याच्यात दहा वाजले की बसायचं. म्हंजे आपले साडेआठ. बराबर?"

"बरोबर," आकांक्षा म्हणाली. तिनंच तर मला लावलं होतं. अख्खा हिवाळा मी एक मिनिट चुकलो नव्हतो.

पण तिकडची माणसं आपल्यापेक्षा वरचढ निघाली. ती वर्षातून दोनदा घड्याळाला मुकाट्यानं खोटं बोलायला लावतात. मार्चमधल्या एका रविवारी ती सगळी घड्याळं एक तास पुढं सारतात, आणि हा रविवार नेमका मुलाखतीच्या आदल्या दिवशी होता. मला हे कोण सांगणार? मी खिडकीच्या वर उभा होतो, जालन्यात.

सोमवारी संध्याकाळी बद्रीनाथचा हुकूम सुटला. "फोन बंद ठेव. आत्याचे फोन येत्यात सारखे. लॅपटॉप चार्जिंगला लाव, ऐन टायमाला दगा नको." साडेसात वाजले. तिकडं खरे दहा वाजले होते. सर येऊन बसले असतील. इकडं माझ्यात नऊ, म्हणून नंदाबाई ड्रेसला इस्त्री करत होती आणि बद्रीनाथ पिठाची स्टीलची कोठी पालथी घालून त्यावर लॅपटॉप डुगडुगतो का ते बघत होता.

साडेआठला आकांक्षा कोठीसमोर मांडी घालून बसली. लिंक उघडली. कुणी नाही. दहा मिनिटं ती पडद्याकडं बघून हसत राहिली, सर आलेच तर हसताना दिसावी म्हणून. मग तिनं फोन चालू केला. सात पन्नासला सरांचा मेल येऊन पडला होता. आम्ही वीस मिनिटं वाट पाहिली, तुम्ही बऱ्या असाल अशी आशा आहे.

तिनं वरदला फोन लावला, स्पीकरवर.

"अगं, काल टाइम बदलला ना इकडं!" वरद म्हणाला.

"टाइम कसा काय बदलतो?" बद्रीनाथ ओरडला.

"काका, एक तास पुढं करतात. दरवर्षी."

"कुणाला इचारून?"

वरदला हसू आलं. ते स्पीकरवर सगळ्या मोकळ्या खोलीत घुमलं. ते हसणं बद्रीनाथला सोसलं नाही. "ह्या घड्याळानं घात केला," म्हणून तो उठला. मी खिडकीच्या वर होतो, त्याचा हात पुरला नसता. स्टूल लागलं असतं आणि स्टूल स्वयंपाकघरात होतं. दाराजवळचा भाऊ हाताशी होता. त्यानं भावाला ओढलं आणि फरशीवर आपटलं.

"अहो, ते न्हाई! ते आपलं हाय! तिकडचं ते हाय!" नंदाबाई ओरडली, पण उशिरा.

जो एक मिनिटही चुकला नव्हता, तो फुटला. राग आला की माणूस दोषी शोधत नाही. हात कुठवर पोचतो ते बघतो.

भाऊ लगेच मेला नाही. काच फुटली, तबकडी चिरली, पण काटे चालू होते. नंदाबाईनं त्याला काचांसकट सुपलीत घेतलं आणि कचऱ्याच्या डब्यात ओतलं. डब्यातून त्याची टिकटिक येत होती. त्याची पडली की माझी, माझी पडली की त्याची. मंगळवारी सकाळी घंटागाडी आली, गाणं वाजवत. बद्रीनाथनं डबा उपडा केला. भाऊ चालू होता. बरोबर वेळ दाखवत तो कचऱ्यात गेला. तुम्ही घड्याळ टाकणार असाल तर टाका, पण आधी त्यातला सेल काढा. जिवंत टाकू नका. एवढंच मागतो.

त्याच दिवशी नंदाबाई म्हणाली, "घरात एक तरी घड्याळ पाहिजे ना." मला उतरवलं, 'तिकडे'ची पट्टी खरवडली, काटे फिरवून जालन्याची वेळ लावली आणि भावाच्या खिळ्यावर टांगलं. खिळ्याभोवती भिंतीवर त्याचा गोल होता, आजूबाजूपेक्षा पांढरा. मी त्यात तंतोतंत बसलो. याच्याएवढं वाईट मला काही वाटलेलं नाही.

आकांक्षा सरांना मेल लिहायला बसली.

"लिही, लाईट गेल्ती म्हणून," बद्रीनाथ म्हणाला.

"पप्पा, खरं लिहिते."

"खरं काय लिहिती? बापाला घड्याळ कळत न्हाई म्हणून?"

"घड्याळ मी लावलं होतं. माझं चुकलं, तेच लिहिते."

या घरात मी ऐकलेलं तेवढं एकच सरळ वाक्य. पण तेही भावाला कचरागाडीत टाकल्यावर आलं. आदल्या दिवशी म्हणाली असती तर?

सरांचं उत्तर आलं. शुक्रवारी बोलू, तुमच्या संध्याकाळी सात वाजता. आमची वेळ त्यांनी स्वतः काढून लिहिली होती.

मला धीर धरवत नाही, म्हणून शेवट आधीच सांगून टाकतो. तिला जागा मिळाली. फी माफ झाली. ऑगस्टमध्ये ती गेली, तेवीस किलो घेऊन. बेबीनंदा मुंबईपर्यंत सोडायला गेली आणि विमानतळावर सगळ्यात जास्त रडली. टेबल परत केलं नाही. बद्रीनाथ आता कंपनीत सांगतो, "म्या घड्याळच फोडलं, तवा नशीब उघडलं." लोक माना डोलावतात. तिकडं किती वाजले ते नंदाबाई आता मोबाइलमध्ये बघते. मी फ्रिजवर, लोणच्याच्या बरणीमागं उताणा आहे. माझ्यात सहा अठ्ठावन्न वाजलेत, तेव्हापासून.

ते कसं झालं, ते सांगायचं राहिलं.

गुरुवारी आकांक्षानं वरदबरोबर व्हिडिओची तालीम केली. वरद म्हणाला, "मागं काय टकटक वाजतंय? कोण सुतारकाम करतंय का?" मोकळ्या खोलीत माझा आवाज तेवढा मोठा झाला होता. "उतरवून टाका," बद्रीनाथ म्हणाला. पण नंदाबाईचा आता मोबाइलवर विश्वास नव्हता, लॅपटॉपवर नव्हता आणि नवऱ्यावर तर बिलकुल नव्हता. "शेवटच्या मिनिटापत्तोर राहू द्या," ती म्हणाली. "ह्याला बघूनच बसू द्या तिला."

शुक्रवारी तिघंही पावणेसहापासून माझ्याकडं बघत होते. मी बरोबर चाललो. एक सेकंदही इकडंतिकडं नाही. सहा अठ्ठावन्नला बद्रीनाथ स्टूल घेऊन आला आणि चढला; ओढायला हात पुरतो, अलगद उतरवायला स्टूल लागतं. नंदाबाईनं स्टूल धरलं.

"सांभाळून. ह्याला तरी पाडू नका."

"गप गं. तू स्टूल धर नीट."

त्याचं डोकं माझ्या खालीच होतं. टक्कल पडायला लागलेलं, घामेजलेलं. मनात आलं, सुटावं आणि पडावं याच्यावर. खिळा सैलच होता. मग कोठीसमोर बसलेली आकांक्षा दिसली. ती आवाज न करता, नुसते ओठ हलवत काहीतरी पाठ म्हणत होती. मी खिळा सोडला नाही.

बद्रीनाथनं मला उचललं, छातीशी धरलं आणि पाठीमागचं झाकण उघडलं. त्याच्या शर्टाला कंपनीतल्या बियाण्याच्या औषधाचा वास येत होता. त्यानं सेल काढला.

खोली शांत झाली. तिकडून सरांचा आवाज आला, आणि आकांक्षा म्हणाली, "गुड मॉर्निंग, सर."

मला खूप काही बोलायचं होतं. मी गप्प राहिलो.