एक घोट मागे

आधीच सांगून टाकते, मी फुटबॉलमधली जाणकार वगैरे अजिबात नाही. ऑफसाइड म्हणजे काय, ते नवऱ्याने मला जेवणाच्या टेबलावर मीठदाणी आणि चमचे मांडून कितीदा तरी समजावलंय, आणि दर वेळी मी मान डोलावून गप्प बसलेय. पण आपली टीम मैदानात उतरली की माझा जीव नुसता खाली-वर होतो, त्याला मी काय करू? सिनेमाचंही तेच. दिग्दर्शक कोण, कॅमेरा कुठला, मला काही देणंघेणं नाही. मला एकच हौस आहे. पुढे काय होणार ते मला आधी कळू नये. शेवट माझ्या डोळ्यांनी, त्याच्या वेळेला, कोरा करकरीत बघायला मिळावा. बस्स, एवढंच! आणि नेमकं तेवढंच मला कधी मिळालं नाही, कारण मला दादा आहे.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. जन्मभर बस चालवली, आता रिटायर होऊन आमच्याच डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर राहतो. आवाज असा की अख्खी गल्ली त्याला भोंगा म्हणते. तोंडावर म्हणते, आणि हा खूश होतो! लहानपणी नवा सिनेमा लागला की दादा पहिल्याच दिवशी पहिला खेळ गाठायचा, आणि घरी येऊन ताटावर बसता बसता सांगून मोकळा. "खून त्या डॉक्टरनेच केलेला असतो बरं का! काय सिनेमा आहे!" मी ताटावरून उठून जायचे. आई म्हणायची, "अरे, तिला बघू दे की!" तर हा म्हणायचा, "बघ की! मी कुठे अडवतोय?"

त्याला खरंच कळायचं नाही हो, की यात माझं काय गेलं. वाईटपणा नव्हता त्यात. आनंद झाला की तो पोटात ठेवताच येत नाही या माणसाला. मालिकेतली हरवलेली बहीण सापडली, सांग. बॉक्सिंगमध्ये कोण आडवा झाला, सांग. मी चिडचिड करायचे आणि तो चेहरा पाडून बसायचा, पुढची बातमी मिळेपर्यंत.

आता इकडे माझा नवरा. तो लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो आणि बाजारात नवीन काही आलं की त्याचे हात शिवशिवतात. आमच्याकडे एक आपोआप झाडणारं यंत्र आहे, ते मोजे गिळतं आणि मग कोपऱ्यात जाऊन केविलवाणं ओरडत बसतं. एक बोलका स्पीकर आहे, त्याला गाणं लाव म्हटलं की तो उद्याचं हवामान सांगतो. पण यंदा नवऱ्याने टीव्ही आणला, आणि खरं सांगते, त्याला शंभर गुन्हे माफ! भिंतभर टीव्ही. खेळाडूच्या कानामागचा घाम दिसतो, गवताची पाती दिसतात. डिश नको, केबल नको, सगळं इंटरनेटवरून. पहिल्या मॅचला मी सोफ्यावर मांडी घालून, हातात चहा घेऊन बसले. आपल्या टीमचा तो उंच खेळाडू, आम्ही त्याला लंबू म्हणतो, बॉल घेऊन पळत होता, मी कप तोंडाला लावला, आणि छतातून आवाज आला, "गोऽऽऽल!"

मी घोट गिळला, कप खाली ठेवला, तोंड पुसलं. आणि मग आमच्या टीव्हीवर गोल झाला.

"इंटरनेटचं जरा मागून येतं," नवरा खाली बघत म्हणाला. "दादांची जुनी डिश आहे ना, तिच्यावर आधी दिसतं."

म्हणजे बघा! त्याचा तो डबा, ज्याच्यात माणसं हिरवट दिसतात, तो पुढे. आणि आमची ही भिंतभर शोभा चहाच्या एका घोटाने मागे. तेव्हापासून प्रत्येक गोल मला आधी दादाने सांगितला आणि मग टीव्हीने दाखवला. विरोधी टीमने मारला तरी वरून "अरेरेरे!" यायचंच. मग नवऱ्याने उपाय म्हणून बाहेरचा आवाज बंद करणारे हेडफोन आणले. आणि काय सांगू, खरंच बंद! दारावरची बेलसुद्धा ऐकू येईना. सेमीफायनलला मी ते चढवून ऐटीत बसले. मॅच बरोबरीत, शेवटची काही मिनिटं, लंबूच्या पायात बॉल. आणि माझ्या डोक्यावरचा दिवा झोके घ्यायला लागला.

दादा वर उड्या मारत होता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्या टीव्हीवर गोल पडायच्या आत मी जिना चढून वर. दार उघडलं तर हा अजून नाचतोय! "बघितलास? काय मारला! काय मारला!"

"नाही बघितला!" मी म्हटलं. "तुझ्यामुळे नाही बघितला! उभ्या जन्मात तू मला एक गोष्ट नीट बघू दिली नाहीस. तुझं तोंड आहे की सायरन? मला एकदा, फक्त एकदा, आधी कळायला नकोय रे!"

तो उडी अर्धवट सोडून उभा राहिला. मग हळूच खुर्चीवर बसला. "बरं," म्हणाला. "फायनलला माझा ब्रसुद्धा ऐकू येणार नाही तुला."

"बघू या!" म्हणून मी पाय आपटत खाली आले.

आणि मग आठवडाभर खरंच वरून आवाज आला नाही. एरवी संध्याकाळी "चहा टाक गं!" म्हणून जिन्यातूनच ओरडत यायचा, तो आलाच नाही. मी टाकलेला चहा तसाच गार व्हायचा. आधी वाटलं, झोंबलं वाटतं स्वारीला, झोंबू दे. मग वाटलं, जरा जास्तच बोलले का? पण आधी जायचं कुणी? नाकावरचा राग आमच्या घराण्यातच आहे.

वहिनी तेव्हा लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. तिचा रोज फोन. "यांचा आवाज येतोय ना गं वरून? डॉक्टरांनी बजावलंय, प्रेशर चढता कामा नये. यांचा आवाज आला की समजायचं, गाडी ठणठणीत. तू फक्त कान उघडे ठेव." मी म्हटलं, "येतोय, येतोय." काय करणार, खोटं बोलले.

फायनल रविवारी दुपारी होती. शनिवारी आमच्या लॅबमध्ये कुणाचं कामात लक्ष नव्हतं. मी कवळ्या बनवते, दातांच्या. डॉक्टर तोंडाचं माप पाठवतात, आम्ही त्यावर मेणात दात लावून गुलाबी हिरडी चढवतो. दादाची कवळीही गेल्या वर्षी मीच केली. त्याने माप देतानाच अट घातली होती, "खाताना निघाली तरी चालेल, पण गोलला निघता कामा नये." मी तशीच केली, घासूनपुसून, घट्ट. बसवली तेव्हा त्याने तिथेच एक आरोळी ठोकून बघितली होती, आणि बाहेर बसलेल्या पेशंटच्या हातातलं मासिक खाली पडलं होतं. शनिवारी ते आठवून मी एकटीच हसले.

रविवारी आम्ही पडदे ओढले, मोजे खाणाऱ्या यंत्राला कपाटात कोंडलं. मी हेडफोन चढवले. मॅच सुरू झाली आणि काय मॅच, देवा रे! सुरुवातीलाच त्यांनी एक गोल मारला. डोक्यावरचा दिवा जागच्या जागी. मी मनात म्हटलं, वा, शब्द पाळतोय गडी. मग आपली पोरं पेटली. त्यांच्या पोस्टवर दणादण शॉट, बॉल दांड्याला लागून परत, गोलकीपर आडवा-तिडवा उडतोय, माझी नखं संपली. चहाला मी हातच लावला नाही. दुसरा हाफ संपत आला. कोपऱ्यातून बॉल आला, गर्दीत कुणाच्या तरी गुडघ्याला लागला, उसळला, आणि…

गोल!

गोल हो, गोल! आणि मला माहीत नव्हता! कुणी सांगितला नव्हता, दिवा हलला नव्हता, तो माझ्या डोळ्यांसमोर झाला, अगदी ताजा! अंगावर सर्रकन काटा आला. मी उडी मारली, नवऱ्याच्या गळ्यात पडले, कप पालथा झाला, चहा गालिच्यावर, गेला उडत! "मी बघितला! मी आधी बघितला!" मी ओरडत होते. इतका आनंद मला माझ्या लग्नातसुद्धा झाला नसेल, नवऱ्याने वाचू नये म्हणजे झालं.

आणि ओरडता ओरडता माझी नजर दिव्यावर गेली.

दिवा ढिम्म.

मी हेडफोन उतरवले. वर काही नाही. पाऊल नाही, खुर्ची सरकल्याचा आवाज नाही, टीव्हीचाही आवाज नाही. आपल्या टीमने फायनलमध्ये बरोबरी केली आणि दादा गप्प? ज्याला सिनेमातला खुनी पोटात ठेवता आला नाही, तो हा गोल पोटात ठेवणार?

"अगं, शब्द पाळत असतील," नवरा म्हणाला, डोळे टीव्हीवरच.

"दादा? गोल झाल्यावर?" प्रेशर. डॉक्टर. आणि वहिनीला मी आठवडाभर सांगतेय, येतोय, येतोय. "काहीतरी झालंय," मी म्हटलं आणि अनवाणीच सुटले. मॅच गेली खड्ड्यात. जिना चढताना मी एकच म्हणत होते, ओरड रे दादा, एकदा ओरड, वाटेल ते सांग, सगळ्या सिनेमांचे शेवट सांग!

दार नुसतंच लोटलेलं होतं. आत खोलीभर गाद्या पसरलेल्या, टीव्ही चालू पण मुका. आणि गाद्यांवर दादा, भिंतीला टेकून. गाल आत गेलेले, तोंड उघडं, डोळ्यांतून घळाघळा पाणी. मला बघून त्याने हात उचलला, तोंड हलवलं, आणि बाहेर आली नुसती हवा. "फू… फा…"

"दादा! अरे देवा! हात वर कर! दोन्ही कर! हस बघू, तोंड वाकडं होतंय का, हस!" मी त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरून गदागदा हलवत होते.

तो हसला. नुसत्या हिरड्या दाखवून, लहान बाळ हसतं तसा हसला. आणि बोटाने टीव्हीच्या बाजूला दाखवलं. तिथे एका वाटीत, पाण्यात, माझी कवळी होती.

त्याच्या बोलण्यात अर्धा वारा होता, पण मला कळलं. दात काढून ठेवले की त्याला ओरडता येत नाही. गाद्या उड्यांसाठी. आणि टीव्ही मुका, कारण आवाज आला की त्याचा स्वतःवर भरवसा नव्हता. "तुला कोरं बघायचं होतं ना," असं काहीसं तो म्हणाला. "बघितलास का?"

"बघितला रे," मी म्हटलं, आणि मला रडूच फुटलं. "मूर्ख माणसा! मेले असते ना मी जिन्यात! माणूस एकदा चिडून बोलतं, म्हणून काय दात काढून बसायचं?" मी त्याच्या खांद्यावर दोन चापट्या मारल्या आणि त्याच खांद्यावर डोकं ठेवलं. तो माझ्या पाठीवर थोपटत होता, पण एक डोळा टीव्हीवर, ते मला कळत होतं. मीही मान वळवली.

शेवटचं मिनिट. आपल्याला कॉर्नर मिळाला होता. दादाने माझा हात धरला, एवढा घट्ट की बोटं दुखली. हिरवट माणसं, हिरवट बॉल, आवाजाचा पत्ता नाही. बॉल हवेत आला. लंबू उठला, सगळ्यांच्या वर उठला, डोकं लावलं, आणि जाळी हलली.

आम्ही दोघांनी एकदम बघितलं. आधी कुणी नाही, नंतर कुणी नाही.

माझ्या तोंडून आवाज फुटणार, तोच मला दादा दिसला. त्याने गादीचं टोक तोंडात कोंबलं होतं! डोळे बाहेर आलेले, मान लालबुंद, सगळं अंग थरथरतंय, आणि हा बोटाने खाली दाखवतोय. खाली माझा नवरा होता, अजून एक घोट मागे.

"त्याचं मी बघते!" मी वाटीतून कवळी उचलली, त्याच्या तोंडातली गादी ओढून काढली, आणि लॅबमध्ये बसवते तशी अंगठ्याने दाबून बसवली. कट्ट. "ओरड, दादा! ओरड!"

"गोऽऽऽऽऽल!"

खिडकीच्या काचा थरथरल्या. समोरच्या बाल्कनीतली बाई दचकून आत पळाली. कवळी तसूभर हलली नाही. मी त्याचे हात धरून गाद्यांवर उड्या मारत होते आणि तो भोंगा वाजतच होता, वाजतच होता, आणि इतका गोड आवाज मी कधी ऐकला नव्हता.

खालून नवरा किंचाळला, "अहो दादा! थांबा ना! इथे अजून कॉर्नरसुद्धा मारला नाहीये!"

मी धावत जिन्याच्या तोंडाशी गेले आणि छाती फुटेस्तोवर ओरडले, "लंबूने डोक्याने मारला बरं का! बघ की! मी कुठे अडवतेय?"